नोकरी शोधताना एचआरशी बोलायचं कसं? पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, की अनोळखी नंबरांवरून आलेले पंधरा-वीस मेसेज दिसतात. निम्मे असे: 'हाय', 'सर जॉब आहे का', 'मॅम व्हेकन्सी'. मी सर नाही, हे एक. दुसरं म्हणजे कोण बोलतंय, काय शिकलंय, कोणत्या कामासाठी विचारतंय, काहीच पत्ता नाही. अशा मेसेजना मी उत्तर देत नाही. राग वगैरे काही नसतो. पण उत्तर द्यायचं तर आधी मलाच चार प्रश्न विचारावे लागतात, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी सगळी माहिती एका मेसेजमध्ये पाठवलेली असते. मग फोन त्याला जातो.

भोसरी-चाकण पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी एचआरमध्ये आहे, भरतीचं काम बघते. लातूर, नांदेड, बीड, धाराशिव, जळगाव, सोलापूर इथून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येणारी मुलंमुली रोज भेटतात. आयटीआय, डिप्लोमा, बीई, बीकॉम, सगळेच. कामाची समज बऱ्याच जणांना असते. अडतं ते बोलण्यात, म्हणजे इंग्रजीत नव्हे. कधी फोन करायचा, काय लिहायचं, काय विचारायचं, किती दिवस थांबायचं, हे कॉलेजात कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे क्रमाने लिहिलं आहे. कारखान्यांची उदाहरणं जास्त येतील, कारण मला तेच माहीत आहे. हिंजवडीच्या आयटीवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

१. अर्ज करण्याआधी फोन आणि ईमेल

रेझ्युमेवर एकच नंबर द्या, आणि तो चालू ठेवा. रिचार्ज संपला म्हणून नंबर बदलला आणि जुन्या नंबरावर आम्ही आठवडाभर फोन करत बसलो, असं दर महिन्याला होतं. घरच्यांचा नंबर पर्यायी म्हणून द्यायचा असेल तर घरी तसं सांगून ठेवा. एकदा एका मुलाच्या आजीने फोन उचलला आणि 'तो रानात गेलाय, तुम्ही कोण, बँकेचे का?' असं विचारून ठेवून दिला. आजींची काही चूक नव्हती.

ट्रूकॉलरवर तुमचं नाव काय दिसतं ते एकदा मित्राच्या फोनवरून बघा. 'भावी आमदार' किंवा 'पप्या किंग' दिसत असेल तर बदलून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो स्वतःचा, चेहरा दिसेल असा, एवढंच पुरे. ईमेल नाव-आडनावाचा असावा. अकरावीत गंमत म्हणून काढलेला 'रॉकस्टार' आता निवृत्त करा.

आणि वडिलांनी, मामांनी एचआरला फोन करू नये. 'मुलाचा बाप बोलतोय, जरा बघा त्याचं' असे फोन येतात. त्यामागची काळजी कळते, पण त्या फोननंतर आमच्या मनात शंका येते, की लाइनवर काही बिघडलं तर हा स्वतः सुपरवायझरशी बोलेल, की घरी फोन लावेल?

२. बायोडेटा वेगळा, रेझ्युमे वेगळा

अजूनही बरेच जण लग्नाच्या बायोडेटाच्या धाटणीने लिहितात. वडिलांचं नाव, धर्म, जात, उंची, वैवाहिक स्थिती. खासगी नोकरीच्या रेझ्युमेत यातलं काहीही लागत नाही. आधार आणि पॅनचे नंबर तर लिहूच नका. तो कागद कुठे कुठे फिरेल याचा नेम नसतो. शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' असं प्रतिज्ञापत्र आणि खाली सही, हेही नको.

फ्रेशरला एक पान पुरतं. वर नाव, नंबर, ईमेल, सध्या कुठे राहता. मग शिक्षण, वर्षासकट. मग हाताने काय काय केलं आहे ते, आणि खरी गोष्ट तीच.

धाराशिवकडचा एक डिप्लोमा झालेला मुलगा आला होता. रेझ्युमेत छंद: क्रिकेट खेळणे, गाणी ऐकणे. प्रोजेक्ट सगळ्यांचा असतो तोच. बोलता बोलता कळलं, की दहावीपासून दर सुट्टीत तो मामाच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचा. विहिरीवरच्या थ्री फेज मोटरी का जळतात, असं विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, एक फेज गेला तरी शेतकरी मोटर चालूच ठेवतो. उरलेल्या दोन फेजवर लोड येतो, वाइंडिंग तापतं, इन्सुलेशन जातं. कॉइल उघडली की वासावरून कळतं.' आमचे मेंटेनन्सचे साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. आता सांगा, ही गोष्ट रेझ्युमेत का नव्हती? त्याला वाटलं, मामाचं दुकान म्हणजे काही अनुभव नव्हे.

तुमच्याकडेही असं काही असेल. घरचं किराणा दुकान सांभाळलं असेल, टॅलीत नोंदी केल्या असतील, दूध डेअरीचा हिशोब ठेवला असेल, गणेश मंडळाच्या वर्गणीचं रजिस्टर लिहिलं असेल. ते लिहा, आणि आकड्यात लिहा. 'हिशोब ठेवला' याऐवजी 'रोज ८० शेतकऱ्यांच्या दुधाची नोंद, दहा दिवसांचं बिल' असं लिहिलं की समोरच्याला चित्र दिसतं.

फाइल पीडीएफ करा आणि तिला तुमचं नाव द्या. 'रेझ्युमे फायनल २ नवीन' नावाच्या शेकडो फाइली माझ्याकडे पडून आहेत. कुणाची कुठली, देव जाणे.

३. गॅप, केटी आणि एमपीएससीची वर्षं

यावर थोडं थांबते, कारण इथे मुलं विनाकारण खोटं बोलतात.

पदवीनंतर दोन-तीन वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली, हे महाराष्ट्रात घरोघरचं आहे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून अभ्यास केला, निकाल लागला नाही, आता नोकरी हवी आहे. पण रेझ्युमेत मात्र त्या वर्षांच्या जागी कुठल्यातरी मित्राच्या कंपनीचं अनुभवपत्र चिकटवलेलं असतं. ते टिकत नाही. पडताळणीत आम्ही तुमचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर बघतो. पीएफ भरणाऱ्या कंपनीत काम केलं असेल तर तिथल्या रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा त्यात दिसतात. कागदावर दोन वर्षं आणि पीएफच्या नोंदीत शून्य, की पुढचा प्रश्न अवघड होतो. कधीकधी हे जॉइन झाल्यावर उघडकीला येतं आणि मिळालेली नोकरी जाते.

त्यापेक्षा सरळ सांगा: 'तीन वर्षं राज्यसेवेची तयारी केली. पूर्व दोनदा पास झालो, मुख्य परीक्षेत राहिलो. आता नोकरीच करायची ठरवलं आहे.' हे ऐकून कुणी नाकारत नाही. आम्हाला भीती वेगळीच असते, की जाहिरात निघाली की हा पुन्हा सुट्टी टाकून अभ्यासाला बसेल का. ती शंका आम्ही विचारण्याआधी तुम्हीच काढून टाका. वयाची मर्यादा संपली असेल, घरची जबाबदारी आली असेल, मनच उठलं असेल, जे खरं असेल ते एका वाक्यात. आणि अजून एक प्रयत्न द्यायचाच असेल तर तेही सांगा. काही जागा अशा असतात जिथे ते चालून जातं.

केटीचंही तसंच. राहिलेला विषय लपवू नका. गुणपत्रिका आम्ही बघणारच आहोत.

४. पहिला मेसेज किंवा मेल

मेसेज असा असावा, की तो वाचून समोरच्याला पुढचं पाऊल उचलता आलं पाहिजे. हा नमुना बघा:

'नमस्कार मॅडम. मी (नाव-आडनाव). मेकॅनिकल डिप्लोमा, २०२४, लातूर. क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेची तुमची जाहिरात नोकरी डॉट कॉमवर पाहिली. व्हर्निअर, मायक्रोमीटर, हाइट गेज वापरता येतं. एका फोर्जिंग युनिटमध्ये सहा महिने ट्रेनी होतो. सध्या भोसरीत राहतो, लगेच जॉइन होऊ शकतो, तिन्ही शिफ्ट चालतील. रेझ्युमे सोबत आहे. बोलायला कोणती वेळ सोयीची पडेल?'

यात लालित्य काही नाही, आणि नकोच आहे. कोण, कुठल्या जागेसाठी, काय येतं, कुठे राहतो, कधी येऊ शकतो. मेल इंग्रजीत लिहायचा असेल तरी मजकूर हाच ठेवा, छोट्या छोट्या वाक्यांत. 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' पासून 'काइंडली डू द नीडफुल' पर्यंतचं ते छापील पत्र आम्हाला पाठ झालं आहे. त्यात तुम्ही कुठेच दिसत नाही. चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं असेल तरी पाठवण्याआधी मोठ्याने वाचून बघा. जे वाक्य तुम्ही इंटरव्ह्यूत तोंडाने म्हणू शकत नाही ते काढून टाका, कारण त्यावरच प्रश्न येतो.

मेलचा विषय रिकामा ठेवू नका: 'क्वालिटी इन्स्पेक्टर, मेकॅनिकल डिप्लोमा २०२४, (नाव)'. एकाच मेलमध्ये साठ कंपन्यांचे पत्ते घालून पाठवू नका. सगळ्यांना सगळे पत्ते दिसतात. दुसऱ्या कंपनीचं नाव तसंच राहिलेलं पत्रही महिन्यातून एखादं येतंच.

वेळ बघा. रात्री नऊनंतर आणि रविवारी फोन नको. मेसेज चालेल, पण उत्तराची अपेक्षा दुसऱ्या दिवशीची ठेवा. फोन करायचाच तर ११ ते १ किंवा ३ ते ५. आणि पहिलं वाक्य: 'मॅडम, दोन मिनिटं बोलू शकतो का?' हो म्हटलं तर बोला, नाही म्हटलं तर कधी फोन करू ते विचारा.

५. ओळखीतून जाताना

वशिला आणि रेफरन्स यांत फरक आहे. वशिल्यात ओळखीचा माणूस तुमच्यासाठी शब्द टाकतो. रेफरन्समध्ये तो फक्त तुमचा रेझ्युमे योग्य टेबलावर पोहोचवतो, इंटरव्ह्यू तुम्हालाच द्यायचा असतो. बऱ्याच कंपन्या स्वतःच कर्मचाऱ्यांना सांगतात, चांगली माणसं सुचवा म्हणून. तेव्हा संकोच करू नका.

पण गावाकडच्या काकांच्या मुलाला 'दादा, तुझ्या कंपनीत लाव ना कुठंतरी' असा मेसेज टाकला, तर दादा 'बघतो' म्हणतो आणि विसरतो. 'कुठंतरी' ही जागा कुठल्याच कंपनीत नसते. कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन कोणती जागा निघाली आहे ते बघा, तिचा क्रमांक टिपून घ्या आणि लिहा: 'दादा, तुमच्या कंपनीत या नंबरची स्टोअर असिस्टंटची जागा निघाली आहे. माझा रेझ्युमे आणि तीन ओळी माहिती खाली देतो, एचआरला तशीच पुढे पाठवता येईल. नाही जमलं तरी हरकत नाही.' त्याला फक्त फॉरवर्ड करायचं राहतं. पुढे इंटरव्ह्यू झाला, निकाल काहीही लागला, तरी दादाला कळवा. नाहीतर पुढच्या वेळी त्याच्या एचआरसमोर तोच अवघडतो.

लिंक्डइनवर अनोळखी माणसाला लिहितानाही हेच. तिथे 'प्लीज हेल्प मी सर' लिहिण्यापेक्षा त्यांच्या कामाबद्दल एक नेमका प्रश्न विचारलात तर उत्तर येण्याची शक्यता जास्त. सरकारच्या महास्वयम पोर्टलवरही नोंदणी करून ठेवा. जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांची माहिती तिथे मिळते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

६. पैसे मागितले की तिथेच थांबा

रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग किट, युनिफॉर्मचं डिपॉझिट, गेट पासचे पैसे, लॅपटॉपची अनामत. नाव काहीही असो, नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देणारा नसतो. मोठ्या कंपनीच्या लोगोचं ऑफर लेटर फुकटच्या जीमेल पत्त्यावरून आलं, इंटरव्ह्यू न घेताच आलं, तर ते पत्र फाडण्याच्याही लायकीचं नाही. कंपनीच्या वेबसाइटवरचा नंबर स्वतः शोधून, तिथे फोन करून विचारा. पत्रातल्या नंबरावर नव्हे. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून रोजचे पैसे, हाही त्यातलाच प्रकार: आधी दीडशे रुपये खरोखर देतात आणि मग हजारो भरायला लावतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.

मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायला देऊ नका. मूळ प्रत दाखवायची, सही केलेली झेरॉक्स द्यायची. सही केलेला कोरा चेक मागितला, तर उठून या.

७. आमचा फोन आला की

'कोण बोलतंय?' असं नको. 'नमस्कार, (नाव) बोलतोय' असं म्हणा. दहा ठिकाणी अर्ज केले असतील तर आपण कुठे काय पाठवलं ते वहीत लिहून ठेवा. 'कुठली कंपनी म्हणालात? मी कधी अप्लाय केलं होतं?' हे ऐकलं की समोरचा मनातल्या मनात पुढच्या नंबरावर जातो. गाडीवर असाल, बसमध्ये असाल तर सांगा: 'आवाज नीट येत नाहीये, अर्ध्या तासाने मीच फोन करू का?' आणि अर्ध्या तासाने करा. चाळीस मिनिटांनीही नको.

एचआर हिंदीत किंवा इंग्रजीत बोलायला लागली तर घाबरू नका. पुण्यात एचआर कुठल्याही राज्यातली असू शकते. जेवढं येतं तेवढ्यात उत्तर द्या. ती मराठी आहे असं वाटलं तर 'मराठीत बोललं तर चालेल का?' हे विचारण्यात काहीच कमीपणा नाही. उलट चुकीच्या इंग्रजीत भलतंच 'येस' म्हणून बसू नका. एका मुलाने मला नाइट शिफ्टला येस म्हटलं, येण्याजाण्याला येस म्हटलं, आणि इंटरव्ह्यूला आल्यावर कळलं की त्याला दोन्हीही जमणार नव्हतं.

फोन ठेवण्याआधी चार गोष्टी विचारून लिहून घ्या: तारीख-वेळ, नेमका पत्ता आणि गेट क्रमांक, कुणाला भेटायचं, काय काय आणायचं. मग संध्याकाळी तेच मेसेजमध्ये लिहून पाठवा: 'उद्या सकाळी १० वाजता गेट नंबर २ ला येतो.' काही चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त होतं.

८. इंटरव्ह्यूचा दिवस

नाशिक हायवेला मोशी ते चाकण हे अंतर नकाशात जवळ दिसतं. सकाळी शिफ्टच्या वेळेला ते जवळ नसतं. वाकडहून हिंजवडीचीही तीच कथा. जमलं तर आदल्या दिवशी एकदा जाऊन गेट बघून या. उशीर होणारच असेल तर वेळ टळून गेल्यावर नाही, होणार हे कळल्याबरोबर फोन करा.

कारखान्यात गेटवर ओळखपत्र लागतं, फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात किंवा फोन जमा करून घेतात. शॉप फ्लोअर दाखवायला नेलं तर चपलांवर आत सोडत नाहीत, म्हणून बूट घालून या. गेटवरच्या वॉचमनकाकांशी नीट बोला. आमचे काका संध्याकाळी चहाला सांगतात, कोण आलं होतं आणि कोण कसं बोललं, आम्ही ऐकतो. बरोबर मित्र आला असेल तर त्याला गेटबाहेर थांबवा. आणि डबा आणा. दहाचा इंटरव्ह्यू दोनपर्यंत जातो, आसपास टपरीशिवाय काही नसतं.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' या प्रश्नावर नव्वद टक्के मुलं गावापासून सुरू करतात: वडील शेतकरी, आई गृहिणी, एक भाऊ, एक बहीण, छंद. (नव्वद टक्के हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.) मन लावून सांगतात, ऐकायला बरंही वाटतं, पण त्यातून जागेशी जोडणारं काही हाती लागत नाही. काय शिकलात, हाताने काय केलंत, आणि ही जागा का हवी आहे, एवढं दीड मिनिटात सांगा. वडील शेती करतात हे तेव्हाच सांगा जेव्हा त्यातून काही निघतं. ट्रॅक्टर दुरुस्त केला असेल तर नक्की निघतं.

उत्तर येत नसेल तर 'हे मला माहीत नाही' म्हणा. आणि जवळचं काही माहीत असेल तर ते सांगा. थापा मारणं आमच्या इंजिनिअरना अर्ध्या मिनिटात कळतं, आणि मग ते उगाच खोलात शिरून मजा बघतात. ते मला आवडत नाही, पण होतं तसं.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचं आहे?' असं म्हटलं, तर 'नो मॅम' म्हणून उठू नका. ही जागा कंपनीच्या पे-रोलवर आहे की कॉन्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पगार कंपनी देणार की ठेकेदार? हा प्रश्न या पट्ट्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो विचारायला कुणी धजत नाही. अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेत असतील तर मुदत किती, स्टायपेंड किती, तेही विचारा. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याखालची ही शिकाऊ जागा असते. मुदत संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं. शिफ्टची वेळ, बस कुठून सुटते, कँटीन आहे का, शिकवायला कोण असेल. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

ऑनलाइन इंटरव्ह्यू असेल आणि गावात रेंज नसेल, तर आदल्या दिवशीच सांगा. तालुक्याला मित्राच्या खोलीवर जाऊन बसा. मागे कोंबडा आरवला तर कुणी नाकारत नाही, पण दर दोन वाक्यांनी आवाज तुटला तर बोलणंच होत नाही.

९. पगाराचं बोलणं

'अपेक्षा किती?' यावर सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर म्हणजे 'तुम्ही द्याल ते.' नम्रपणा म्हणून म्हणतात. पण मला तिथे एक आकडा भरायचा असतो आणि तुम्ही तो मोकळा सोडला, की सगळ्यात कमी असलेला भरला जातो. दोन-तीन ओळखीच्यांना विचारून घ्या, खोलीभाडं-मेसचा हिशोब करा आणि सांगा: 'हातात २० ते २२ हजारांची अपेक्षा आहे, काम शिकायला मिळणार असेल तर थोडं मागेपुढे चालेल.'

'हातात' हा शब्द लक्षात ठेवा. पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च, आणि सीटीसी पूर्ण हातात येत नाही. वर्षाला ३ लाखांचं उदाहरण घ्या. महिन्याचे झाले २५,०००. त्यात बेसिक, म्हणजे मूळ पगार, समजा निम्मा, १२,५००. कंपनी स्वतःच्या वाट्याचा पीएफ, बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,५००, याच २५,००० मध्ये धरते. ग्रॅच्युइटीची (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेची) तरतूद बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ६०१, तीही यातच. उरला ग्रॉस पगार २२,८९९. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी १,५०० आणि व्यवसाय कर २०० कापला जातो. हातात २१,१९९. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, म्हणून तेव्हा शंभर कमी. महाराष्ट्रात महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना व्यवसाय कर नाही, म्हणजे याच पॅकेजवर मुलीच्या हातात २०० रुपये जास्त यायला हवेत. पहिल्या स्लिपवर बघून घ्या. पगार ईएसआयच्या (सरकारी कामगार विम्याच्या) मर्यादेत असेल तर त्याचे ०.७५ टक्केही जातात, बदल्यात दवाखान्याची सोय मिळते. आणि ३ लाखांत वार्षिक बोनस किंवा विम्याचा हप्ता धरला असेल, तर महिन्याचा आकडा आणखी खाली.

म्हणून विचारा: 'मॅडम, याचं ब्रेकअप मिळेल का? हातात साधारण किती येतील?' कुठलीही धड एचआर हे सांगते.

१०. इंटरव्ह्यूनंतर

त्याच संध्याकाळी एक ओळ: 'आज वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. मागितलेलं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे.' मग त्यांनी सांगितलेली तारीख उलटली की दोन दिवसांनी एकदा विचारा. तारीख सांगितली नसेल तर आठवड्याने. त्यानंतरच्या आठवड्यात आणखी एकदा. मग सोडून द्या. रोज सकाळी 'गुड मॉर्निंग'चं फूल पाठवून आठवण करून देणारे असतात. त्यांची आठवण राहते खरी.

आम्ही कळवत नाही, हीही खरी तक्रार आहे. जागाच रद्द होते, वरचे साहेब निर्णय देत नाहीत, आणि आम्हीही आळशीपणा करतो. ते चूकच आहे. तुमच्या बाजूने इतकंच करता येतं, की एका जागेच्या भरवशावर बाकीचे अर्ज थांबवू नका.

नकार आलाच तर 'ठीक आहे मॅडम, पुढे माझ्यासारखी जागा निघाली तर जरूर कळवा' एवढं लिहा. निवडलेला माणूस जॉइन न झाल्यावर मी पहिला फोन असं लिहिणाऱ्याला केला आहे, एकदा नव्हे, बऱ्याचदा.

११. ऑफर आल्यावर

तोंडी होकारावर जुनी नोकरी सोडू नका. पत्र हातात येऊ द्या. पद, पगार, ठिकाण, रुजू होण्याची तारीख, नोटिस पिरियड आणि बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर त्याच्या अटी वाचा. समजलं नाही तर सही करण्याआधी विचारा. स्वीकारत असाल तर मेलवर लिहून कळवा.

आणि दुसरी चांगली ऑफर आली तर? घ्या की. पण पहिल्यांना सांगा. हे मी अधिकाराने सांगते, कारण मी ते केलं नव्हतं. पहिल्या नोकरीच्या वेळी एका कंपनीला हो म्हटलं, सोमवारची तारीख ठरली, शनिवारी दुसरीकडून जास्त पगाराचं आलं, आणि मी सरळ फोन बंद करून बसले. फोन करून नाही म्हणायची लाज वाटली, दुसरं काही नाही. सात वर्षांनी एका इंटरव्ह्यूला गेले तर टेबलापलीकडे तेच एचआरचे साहेब. ओळखलं त्यांनी. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'तुमचा गेट पास करून ठेवला होता मी त्या सोमवारी. अकरापर्यंत गेटवर दोनदा विचारून आलो.' ती नोकरी मला मिळाली नाही; कदाचित त्यामुळे, कदाचित नाही.

मेसेज इतका छोटा असतो: 'सर, मला दुसरीकडे संधी मिळाली आहे, म्हणून मी सोमवारी रुजू होणार नाही. तुम्ही वेळ दिलात, उशिरा कळवतोय याबद्दल माफी.' उत्तर कडक आलं तर ऐकून घ्या.

रुजू व्हायच्या दिवशी पिशवीत असू द्या: गुणपत्रिकांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स, आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचे सहा फोटो, बँक पासबुकाची झेरॉक्स किंवा रद्द केलेला चेक, आधी काम केलं असेल तर यूएएन आणि रिलिव्हिंग लेटर. आधारवरचं, पॅनवरचं आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकच आहे ना, ते गावाहून निघण्याआधी बघा. एका कागदावर वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून पीएफचं केवायसी महिनोन्‌महिने अडतं, आणि आधार केंद्रावर जायला पहिल्या महिन्यात सुट्टी मागावी लागते.